जीभ कोणाची, पाणी कोणाचे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



खाडीकाठच्या गावात पाणी बिघडले, तर ते सर्वांत आधी कोणाला कळते? पहाटे जाळे ओढणाऱ्या भोयाला कळते आणि विहिरीवर हंडा भरणाऱ्या बाईला कळते. आज पाण्याला निराळीच चव लागते आहे, असे ती सांगते. तिचे म्हणणे बहुधा खरे असते. परंतु कायद्याच्या दरबारात त्याला दमडीची किंमत नसते. चव हा पुरावा होत नाही. पुरावा म्हणजे नमुना, आणि नमुना घ्यावयास अधिकारी येईपर्यंत खाडीत चार भरत्या-ओहोट्या होऊन गेलेल्या असतात. मेलेले मासे वाहून जातात, पाणी निवळते, आणि "तपासणीत आक्षेपार्ह काही आढळले नाही" असा शेरा कागदावर उमटतो.

या प्रश्नाची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. जी विषे माणसाच्या शरीरात वर्षानुवर्षे साठत जातात, त्यांतील पुष्कळांना पिण्याच्या पाण्यात आढळते त्या प्रमाणात चवच नसते. शिसे, आर्सेनिक, कॅडमियम यांचा घातक अंश असलेले पाणी गोड पाण्यासारखेच लागते. म्हणजे मानवी जीभ जिथे खरे सांगते तिथे तिचे कोणी ऐकत नाही, आणि जिथे तिचे बोलणे सर्वांत जरूर असते तिथे ती मुकी असते. ही दुहेरी अडचण दूर करण्याची शक्यता ज्या उपकरणाने निर्माण केली आहे, त्याला शास्त्रज्ञ 'इलेक्ट्रॉनिक जीभ' असे म्हणतात. पक्षाच्या अभ्यासवर्गात एका यंत्राची चर्चा कशासाठी, असे काही जणांना वाटेल. परंतु यंत्राचा प्रश्न हा अखेर मालकीचा प्रश्न असतो, हे समाजवाद्यांना तरी निराळे सांगण्याची गरज नसावी.

जिभेचे शास्त्र

पाण्यातील द्रव्ये मोजण्याची रूढ पद्धत एका द्रव्यास एक चाचणी अशी आहे. प्रत्येक धातूसाठी, प्रत्येक क्षारासाठी स्वतंत्र परीक्षा करावयाची, आणि तिच्यासाठी नमुना प्रयोगशाळेत न्यावयाचा. या पद्धतीइतकी अचूक पद्धत आजही दुसरी नाही. पण ती खर्चिक आहे, सावकाश चालणारी आहे, आणि ज्याचा शोध घ्यावयाचा त्याचे नाव आधी ठाऊक असल्याखेरीज ती फारशी उपयोगी पडत नाही.

निसर्गाने जीभ घडविताना निराळा मार्ग पत्करला. गोड, आंबट, खारट, कडू आणि ज्याला जपानी भाषेत 'उमामी' म्हणतात ती रुचकर चव, अशा पाचच मूळ चवी माणसाची जीभ ओळखते. तरीही कोकमाची आणि चिंचेची आंबटी माणूस डोळे मिटून वेगवेगळी सांगतो. याचे कारण असे की, जिभेवरून आणि नाकातून येणाऱ्या अनेक संवेदनांचा मिळून जो एक आकृतिबंध तयार होतो, तो मेंदू ओळखतो. इलेक्ट्रॉनिक जिभेचे तत्त्व हेच आहे. तिच्यात पाच, आठ, कधी वीस संवेदक एकत्र बसविलेले असतात. त्यांतला एकही संवेदक एकाच द्रव्याशी एकनिष्ठ नसतो. प्रत्येक जण अनेक द्रव्यांना कमी-अधिक प्रमाणात प्रतिसाद देतो. रूढ रसायनशास्त्राच्या दृष्टीने हा दोष होय. पण या दोषालाच येथे गुणाचे रूप दिलेले आहे.

गावातील मारामारीच्या चौकशीचे उदाहरण घ्यावे. दहा साक्षीदार असतात. कोणी आरडाओरडा ऐकलेला, कोणी एकाची पाठ पाहिलेली, कोणी नुसता धुरळा पाहिलेला. एकट्याच्या साक्षीवर निकाल देता येत नाही. पण दहाही साक्षी शेजारी-शेजारी मांडल्या, तर काय घडले याचे चित्र उभे राहते. ही चौकशी यंत्रात गणिताने होते.

१९९०च्या सुमारास जपानमधील क्युशू विद्यापीठात कियोशी तोको आणि त्यांचे सहकारी यांनी निरनिराळ्या स्निग्ध द्रव्यांची पातळ पटले वापरून चव ओळखणारा संवेदक-समूह तयार केला. त्याच दशकाच्या मध्यास रशियातील सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठाचे व्लासोव, लेगिन व रुदनित्स्काया आणि रोममधील दी नताले व दामिको यांनी विशिष्ट प्रकारच्या काचेचे संवेदक एकत्र आणले, आणि पाण्यातील जड धातूंसाठी ते वापरून पाहिले. १९९७मध्ये स्वीडनमधील लिंकॉपिंग विद्यापीठाच्या विंकविस्ट, वीडे व लुंडस्ट्रॉम यांनी तिसरी वाट धरली. सोने, प्लॅटिनम, इरिडियम, ऱ्होडियम अशा धातूंच्या तारांना विजेचे छोटे छोटे धक्के द्यावयाचे, आणि प्रत्येक धक्क्यानंतर द्रवातून किती प्रवाह वाहतो ते नोंदवावयाचे, अशी ती पद्धत आहे. तिचा उपयोग पिण्याच्या पाण्याची प्रत पाहण्यासाठीही करण्यात आला. ब्राझीलमध्ये साओ कार्लोस येथे सरकारी कृषिसंशोधन संस्थेत या शतकाच्या आरंभी वीजवाहक बहुवारिकांची जीभ तयार झाली. म्हणजे ही विद्या कोणा एका देशाची वा एका कंपनीची मिरास नाही.

या संवेदकांकडून येणाऱ्या आकड्यांच्या राशीतून अर्थ काढण्याचे जे गणित आहे, ते अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या चांगल्या परिचयाचे आहे. अनेक वस्तूंच्या किमतींवरून एक निर्देशांक काढावा, तसे अनेक संवेदकांच्या मापांवरून मोजके 'प्रमुख घटक' काढले जातात. ही रीत कार्ल पिअर्सन यांनी १९०१मध्ये दाखविली आणि हॅरॉल्ड हॉटेलिंग यांनी १९३३मध्ये विकसित केली. एखादा नमुना नेहमीच्या शुद्ध पाण्यापासून किती 'दूर' आहे, हे ठरविण्यासाठी जगभर ज्या मापाचा उपयोग केला जातो, ते माप प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३६मध्ये मांडले. हेच महालनोबिस पुढे दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचे शिल्पकार झाले. ज्या योजनेने देशात अवजड उद्योगांचा पाया घातला, तिच्या शिल्पकारानेच कारखान्यांचे सांडपाणी पकडू शकणारे गणितही देऊन ठेवले होते. देशाने त्यांची पहिली देणगी तेवढी उचलली.

यंत्राच्या मर्यादा

नव्या यंत्राभोवती चमत्काराचे वलय उभे करणे हा बाजाराचा धंदा आहे. कार्यकर्त्याने यंत्राच्या मर्यादा आधी पाहिल्या पाहिजेत.

पहिली मर्यादा सूक्ष्मतेची. भारतीय मानक १०५०० याच्या २०१२च्या आवृत्तीनुसार पिण्याच्या एक लिटर पाण्यात पाऱ्याचे प्रमाण ०.००१ मिलिग्रॅम, कॅडमियमचे ०.००३ मिलिग्रॅम आणि शिशाचे ०.०१ मिलिग्रॅम याहून अधिक असता कामा नये. इतक्या अल्प प्रमाणातील धातू गढूळ नदीत, इतर शेकडो द्रव्यांच्या गर्दीत, अचूक मोजणे या यंत्राला सर्वत्र जमतेच असे नाही. कारखान्याच्या नळाच्या तोंडाशी, जिथे विषाचे प्रमाण मोठे असते, तिथे ते अधिक भरवशाचे ठरते.

दुसरी मर्यादा टिकाऊपणाची. पाण्यात ठेवलेल्या संवेदकावर शेवाळ धरते, गाळ बसतो आणि त्याची मापे हळूहळू सरकू लागतात. वरचेवर सफाई आणि ज्ञात द्रावणांशी पडताळणी केल्याखेरीज त्याच्यावर विसंबता येत नाही. तेव्हा केवळ यंत्र विकत घेऊन भागत नाही. त्याची निगा राखणारा शिकलेला आणि कायम नोकरीतला माणूस लागतो. कंत्राटी पद्धतीने चालविलेली यंत्रे वर्षभरात कोणत्या अवस्थेला जातात, हे सरकारी दवाखान्यांत जाऊन कोणीही पाहावे.

तिसरी मर्यादा सर्वांत महत्त्वाची आहे. या जिभेला शिकवावे लागते. ज्ञात मिश्रणांचे नमुने तिच्यापुढे ठेवून, हे शुद्ध, हे शिशाने दूषित, हे जस्ताने दूषित, असे धडे द्यावे लागतात. मग ती अनोळखी नमुना ओळखते. जे तिला शिकविलेच नाही त्याचे नाव ती सांगू शकत नाही. फार तर, 'हे पाणी नेहमीचे नाही' एवढेच सांगते. आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार?

मात्र धडा देताना नुसती द्रव्यांची नावेच शिकवावी लागतात असे नाही. सेंट पीटर्सबर्गच्या संशोधकांनी २०१५च्या सुमारास या यंत्राला द्रव्यांच्या नावांऐवजी पाण्याची विषारीपणाची पातळी शिकविली. प्रकाश देणारे एक जातीचे जीवाणू असतात; पाणी विषारी असेल तर त्यांचा प्रकाश मंदावतो. त्या जीवाणूंनी ज्या नमुन्यांना विषारी ठरविले, ते नमुने यंत्राने आपल्या परीने ओळखावे, असा तो प्रयोग होता आणि त्याचे फळ आशादायक आले. सामान्य माणसाचा प्रश्न हाच असतो. पाण्यात कोणता रेणू आहे हे त्याला नंतर कळले तरी चालेल. ते पाणी गुरांना पाजावे की नाही, हे त्याला आज कळावयास हवे.

तात्पर्य, इलेक्ट्रॉनिक जीभ म्हणजे न्यायाधीश नव्हे; ती राखणदार आहे. कुत्रे भुंकले म्हणून चोर कोण हे ठरत नाही, पण घर जागे होते. रात्री दोन वाजता सोडलेले सांडपाणी दिवसा अकरा वाजता घेतलेल्या नमुन्यात सापडत नाही. अहोरात्र पाण्यात असलेल्या यंत्राला मात्र ते सापडू शकते. तिचे खरे सामर्थ्य यातच आहे.

बियर, चहा आणि नदी

ही जीभ प्रथम बाजारात कशासाठी गेली? जपानमध्ये ती पेयांची चव पारखू लागली. बियरच्या चवीतले बारकावे आणि औषधाचा कडूपणा कितपत झाकला गेला हे तिला विचारले जाऊ लागले. भारतात कोलकात्याच्या संशोधकांनी तिला चहाची प्रत ठरविण्याच्या कामी लावले. यात त्या शास्त्रज्ञांचा दोष नाही. त्यांतील कित्येकांनी प्रदूषित पाण्यावरही प्रयोग केले आहेत. पण बियरच्या चवीत बिघाड झाला तर गिऱ्हाईक तुटते, आणि म्हणून तो बिघाड ओळखणाऱ्या यंत्राला दाम मिळतो. खाडीच्या पाण्यात बिघाड झाला तर तुटतो तो मच्छीमार, आणि तो कोणाचे गिऱ्हाईक नसतो. दाम मोजणारा जे चाखावयास सांगेल तेच यंत्र चाखते. तिला नदीकाठी आणावयाचे असेल तर ते समाजालाच करावे लागेल.

एकाच बेटावरच्या दोन गोष्टी

हे यंत्र ज्या क्युशू बेटावर जन्माला आले, त्याच बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर मिनामाता हे गाव आहे. तेथील इतिहास विसरून या यंत्राविषयी बोलणे म्हणजे अर्धीच गोष्ट सांगणे होईल.

मिनामाताच्या चिस्सो कंपनीच्या कारखान्यात १९३२पासून ॲसिटाल्डिहाइड तयार होत असे आणि त्यासाठी पारा वापरला जाई. सांडपाणी उपसागरात जाई. १९५०नंतर गावातील मांजरे विचित्र हातवारे करून नाचावी तशी धडपडू लागली आणि मरू लागली. मग माणसांचे हातपाय वाकडे होऊ लागले, वाचा गेली, दृष्टी गेली. १ मे १९५६ रोजी कंपनीच्याच रुग्णालयाचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांनी या अनोळखी रोगाची खबर आरोग्य खात्याला दिली. जुलै १९५९मध्ये कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखविले. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात डॉ. होसोकावा यांनी ॲसिटाल्डिहाइड विभागाचे सांडपाणी खाऊ घातलेल्या ४०० क्रमांकाच्या मांजराला तोच रोग झाल्याचे पाहिले. कंपनीने तो निष्कर्ष दडपून ठेवला.

येथे थांबून विचार केला पाहिजे. १९५९मध्ये इलेक्ट्रॉनिक जीभ नव्हती. पण ज्ञान होते. एका डॉक्टरच्या वहीत आणि एका कंपनीच्या तिजोरीत ते ज्ञान पडून होते. आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात कंपनीने काय केले? सांडपाणी शुद्ध करण्याचे एक मोठे यंत्र समारंभपूर्वक उभे केले. कंपनीच्या अध्यक्षांनी त्यातील म्हणून दाखविलेले पाणी सर्वांदेखत पिऊन दाखविले. ते यंत्र सेंद्रिय पारा काढण्यासाठी बनविलेलेच नव्हते, हे पुढे न्यायालयात उघड झाले. यंत्र आले आणि लोकांची तक्रार बोथट झाली. पारा मात्र समुद्रात जातच राहिला. ती उत्पादनपद्धती कंपनीने मे १९६८मध्ये थांबविली, आणि रोगाचे कारण कंपनीचे सांडपाणी असल्याचे जपान सरकारने सप्टेंबर १९६८मध्ये मान्य केले. मांजराच्या त्या प्रयोगानंतर जवळजवळ नऊ वर्षे निघून गेली होती.

या कथेतील एक प्रकरण कामगार चळवळीने स्वतःसाठी वाचावे असे आहे. प्रारंभीची कित्येक वर्षे कारखान्यातील कामगार संघटना मच्छीमारांच्या बाजूने उभी राहिली नाही. कारखाना बंद पडला तर चूल विझेल, ही भीती होती. ऑगस्ट १९६८मध्ये त्याच कारखान्यातील एका संघटनेने, रोगग्रस्तांसाठी आपण काहीच केले नाही याची लाज वाटते, असा जाहीर ठराव केला. जी कंपनी गावाला विष पाजते तीच आपलेही शोषण करते, हे कामगारांना लढ्यातून उमगले होते. हा ठराव चिस्सोच्या कामगारांइतकाच इथल्या रासायनिक वसाहतींतील युनियनांनाही उद्देशून आहे.

आकड्यांआड दडलेले विष

आता महाराष्ट्राकडे पाहावे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८मध्ये देशातील ३५१ नदीपट्टे प्रदूषित ठरविले; त्यांतील ५३ महाराष्ट्रात होते. २०२२च्या अहवालात देशातील पट्ट्यांची संख्या ३११वर आली. महाराष्ट्रातील मात्र ५५वर गेली. दोन्ही वेळा हे राज्य पहिल्या क्रमांकावर होते.

पण हे पट्टे ठरविले कशावरून? पाण्यातील सेंद्रिय घाण कुजविताना जीवाणूंना किती प्राणवायू लागतो, या एका मापावरून. त्यालाच बीओडी म्हणतात. ते लिटरला ३ मिलिग्रॅमहून अधिक असेल तर पट्टा प्रदूषित. गटाराचे पाणी ओळखण्यास हे माप उत्तम आहे. पारा, क्रोमियम, कीटकनाशके यांच्याविषयी ते काही सांगत नाही. उलट, पाणी फार विषारी असेल तर चाचणीतील जीवाणूच मरतात आणि आकडा खाली येऊ शकतो. म्हणजे ज्या नदीत जीवाणूही जगू शकत नाहीत, ती नदी कागदावर त्या मानाने स्वच्छ दिसण्याचा संभव आहे.

२०१४मध्ये केंद्रीय मंडळाने अतिप्रदूषणकारी अशा १७ प्रकारच्या उद्योगांना सांडपाण्यावर सतत नजर ठेवणारी यंत्रे बसविण्याचे आदेश दिले. पाऊल योग्य दिशेचे होते. परंतु ही यंत्रे विकत घेतो कोण? कारखानदार. बसवितो कोण? कारखानदार. त्यांची निगा राखणाऱ्या कंपनीचे बिल भरतो कोण? कारखानदारच. आरोपीनेच आपल्या पदरचा पहारेकरी नेमावा, असा हा प्रकार आहे. मराठीत म्हण आहे की जिभेला हाड नसते. ती वळवावी तशी वळते. इलेक्ट्रॉनिक जिभेलाही हाड नाही. शुद्ध पाणी म्हणजे काय, हे तिला शिकविणाऱ्यानेच पाणी गढूळ धरले, तर ती गढूळ पाण्यालाच शुद्ध म्हणेल.

कायद्याची स्थितीही नीट समजून घेतली पाहिजे. जलप्रदूषणाचा केंद्रीय कायदा १९७४चा. त्याच्या कलम २१प्रमाणे नमुना घेण्याची रीत ठरलेली आहे. जागेच्या धारकाला तिथल्या तिथे सूचना द्यावयाची, त्याच्या समक्ष नमुन्याचे दोन भाग करावयाचे, मोहोरबंद करावयाचे आणि ठरलेल्या प्रयोगशाळेकडे पाठवावयाचे. ही रीत पाळली नाही तर सांडपाण्याच्या त्या नमुन्याचा निष्कर्ष पुरावा म्हणून चालत नाही. निरपराधाच्या रक्षणासाठी हे योग्यच आहे. पण त्यामुळे इलेक्ट्रॉनिक जिभेच्या इशाऱ्यावरून कोणाला शिक्षा होणार नाही, हे उघड आहे. त्या इशाऱ्यानंतर किती तासांत अधिकाऱ्याने मोहोरबंद नमुना घ्यावा, यावर सगळे अवलंबून राहील.

याच कायद्यात मोजमापाच्या यंत्रात जाणूनबुजून ढवळाढवळ करणाऱ्याला कैदेची तरतूद होती. २०२४च्या दुरुस्तीने अशा अनेक अपराधांची कैद काढून टाकली आणि तिच्या जागी १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड ठेवला. ही दुरुस्ती आरंभी हिमाचल प्रदेश, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांना लागू झाली. अन्य राज्यांनी ठराव करून ती स्वीकारावयाची आहे. ज्या काळात यंत्रांवर भिस्त वाढते आहे, त्याच काळात यंत्र बिघडविण्याची शिक्षा सौम्य होते, यातील विसंगती सांगण्यासाठी कायदेपंडिताची गरज नाही. मोठ्या कारखान्याला असा दंड म्हणजे उत्पादनखर्चातील आणखी एक बाब होय.

खर्च कोणाच्या वहीत?

अर्थशास्त्रज्ञ विल्यम काप यांनी १९५०मध्ये खाजगी उद्योगाच्या सामाजिक खर्चावर ग्रंथ लिहिला. उद्योगाचा नफा अनेकदा कार्यक्षमतेतून येत नाही, खर्च दुसऱ्याच्या अंगावर ढकलण्यातून येतो, हे त्यांचे प्रतिपादन होते. सांडपाणी शुद्ध करण्याचा खर्च कारखान्याच्या वहीत लिहिला गेला नाही, म्हणून तो नाहीसा होत नाही. तो मच्छीमाराच्या रिकाम्या जाळ्यात, शेतकऱ्याच्या गाभडलेल्या म्हशीत, आईच्या दवाखान्याच्या बिलात लिहिला जातो. फक्त त्या वह्यांची बेरीज कोणी करीत नाही. आणि जे मोजले जात नाही त्याची भरपाई मागता येत नाही. म्हणून मोजण्याचे साधन ही राजकीय वस्तू आहे. हा ढकललेला खर्च तारीख-वेळेसह नोंदविणारे साधन स्वस्त होत असेल, तर त्याचे स्वागतच केले पाहिजे. मात्र ती नोंद कोणाच्या कपाटात जाते, यावर ते साधन मुक्तीचे ठरेल की मिनामाताच्या त्या समारंभातील यंत्रासारखे देखाव्याचे ठरेल, हे ठरणार आहे.

यावरून पक्षाच्या मागण्या सरळ निघतात. पहिली अशी की, सांडपाण्याच्या प्रत्येक मोठ्या मुखाशी आणि त्याखालच्या पाणवठ्यावर बसवावयाच्या यंत्रांची मालकी आणि देखभाल सार्वजनिक असावी. त्यांचा खर्च उद्योगांकडून उपकर म्हणून वसूल करावा, पण ताबा त्यांना देऊ नये. दुसरी अशी की, यंत्राला कोणते धडे द्यावयाचे हे ठरविताना कारखान्यात येणाऱ्या कच्च्या मालाची यादी खुली असावी, आणि त्या कामात कामगार व मच्छीमार यांचे प्रतिनिधी असावेत. कोणत्या टाकीतील काय कोणत्या नाल्यात जाते, हे रात्रपाळीच्या कामगाराइतके कोणालाही ठाऊक नसते. तिसरी अशी की, यंत्राने इशारा देताच ठराविक तासांत कलम २१खाली नमुना घेणे मंडळावर बंधनकारक असावे. आणि न घेतल्यास त्याचे कारण जाहीर करावे. चौथी अशी की, ही मापे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, मराठीत, रोजच्या रोज लागावीत.

या मागण्या मान्य होईपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. कलम २५ प्रमाणे राज्य मंडळाला संमतिपत्रांच्या अटींची नोंदवही ठेवावी लागते, आणि सांडपाण्याची झळ पोचणाऱ्या कोणाही व्यक्तीला ती पाहण्याचा अधिकार आहे. किती कार्यकर्त्यांनी ती आजवर मागितली आहे? १९८८च्या दुरुस्तीने नागरिकाला साठ दिवसांची नोटीस देऊन न्यायालयात तक्रार करण्याचा हक्क दिला. २००५पासून माहितीचा अधिकार आहे. आणि ज्या बाईला पाण्याची चव बदललेली कळते, तिने तारीख, वेळ, भरती की ओहोटी आणि वाऱ्याची दिशा एका वहीत लिहून ठेवली, तर वर्षभराची ती वही कोणत्याही यंत्राच्या शिक्षणाला पहिल्या धड्याचे काम देईल. यंत्राची वाट न पाहता ही वही उद्यापासून सुरू करता येते.

वीस मार्च

२० मार्च १९७३ रोजी कुमामोतोच्या जिल्हा न्यायालयाने मिनामाताच्या रोगग्रस्तांच्या बाजूने निकाल दिला. सांडपाणी बाहेर सोडण्यापूर्वी ते सुरक्षित आहे की नाही याचा शोध घेणे हे रासायनिक कारखान्याचेच कर्तव्य आहे, असे त्या निकालाचे सार होते. लोकांनी विष सिद्ध करावयाचे नाही. सोडणाऱ्याने ते निर्विष असल्याची खात्री करावयाची.

२० मार्च ही तारीख महाराष्ट्राला निराळ्या कारणाने पाठ आहे. १९२७मध्ये याच दिवशी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळीत घेतले. पाणी सर्वांचे आहे, हे त्या ओंजळीने सांगितले. आज त्याच महाडच्या परिसरात रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत आहे आणि जवळून सावित्री वाहते. पाणी घेण्याचा हक्क शंभर वर्षांपूर्वी मागितला गेला. ओंजळीत आलेल्या पाण्यात काय आहे, हे जाणण्याचा हक्क त्याच हक्काचा दुसरा भाग आहे, आणि तो अद्याप मिळवावयाचा आहे. त्या कामी इलेक्ट्रॉनिक जीभ उपयोगी पडेल. पण ती लोकांच्या ताब्यात असेल, तरच ती लोकांच्या बाजूने बोलेल.